चूल आणि धुराडे



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत यावे आणि बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे सारे बाजूस ठेवून चुलीवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. "कांदिवलीत आता चूल राहिली आहे कोठे?" असे चालकांनीही आम्हांला विचारले. येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी गॅस आहे, कित्येकांच्या घरी तो नळाने येतो, हे खरे. पण ज्यांचे गाव कोकणात किंवा घाटावर आहे त्यांनी जरा आठवून पाहावे. मे महिना उजाडला की एस.टी. आणि रेल्वे भरभरून आपण गावी जाणार. तेथे ओट्यावर गॅसची शेगडी असते; परंतु भाकऱ्या, पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक आणि अंघोळीचे पाणी अजून बहुत घरी चुलीवरच होते. आणि इतक्या लांब तरी कशाला जावयाचे? आकुर्ली रस्त्याने पूर्वेकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांतून भल्या पहाटे एक फेरी मारावी. दाराबाहेर तीन विटा मांडून, खोक्यांच्या फळ्या जाळून, पाण्याचे पातेले तापत ठेवलेले दिसेल. घरोघरी मातीच्या चुली ही म्हण आपण दुसऱ्या अर्थाने वापरतो. आज आम्ही ती शब्दशः घेणार आहोत.

हा विषय आम्हांला सुचला त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात ओतकामाच्या भट्टीवरचा धूर खेचून घेणारा पंखा बसवावा म्हणून आमच्या युनियनने बरेच दिवस खटपट केली. अखेर पंखा बसला. त्यानंतर कामगारांच्या कुटुंबांची सभा झाली. तीत एक वयस्क बाई उठून म्हणाल्या, "भाऊ, पोराच्या भट्टीला पंखा मिळाला, लई चांगलं झालं. मी चाळीस वर्सं गावाकडं फुंकणी फुंकतेय. माझा इन्स्पेक्टर कोण?" सभा हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजचे आमचे बोलणे हे त्या प्रश्नाला उत्तर आहे असे समजावे.

मुंबईला धुराची ओळख जुनी आहे. १९१२ सालीच येथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्याचा रोख भट्ट्यांवर आणि त्यांच्या चिमण्यांवर होता. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात १४ वे कलम आले. धूळ किंवा धूर जेथे उत्पन्न होतो त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ तो खेचून घ्यावा, म्हणजे तो कामगाराच्या नाकापर्यंत पोचणारच नाही, असे त्या कलमाचे सार होते. हे तत्त्व आपण ध्यानात ठेवू या. कारण धुराडे म्हणजे हेच कलम घरात आणणे होय. धूर खोलीभर पसरू द्यावयाचा आणि मग खिडकी उघडावयाची, याला संरक्षण म्हणता येत नाही. धूर उगमापाशीच धरला पाहिजे.

आता धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड पेटते तेव्हा आधी त्यातले पाणी उडून जाते. मग लाकूड तापून त्यातून वायू आणि डांबरासारख्या द्रव्यांच्या वाफा निघतात. लाकडाच्या वजनाचा बराच मोठा भाग, तीन चतुर्थांशाच्या आसपास, असा वायुरूपाने निघतो, आणि मागे कोळसा उरतो. या वायूंना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ते ज्वाला होऊन जळतात. नाही मिळाली, तर तेच धूर होऊन डोळ्यांत जातात. म्हणजे धूर हे न जळलेले सरपण आहे. जी बाई मैलभर चालून मोळी आणते तिच्या श्रमाचा एक हिस्सा असा छपरातून उडून जातो. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी सुमारे एक दशांशच भांड्याला पोचते. बाकीची वाऱ्यावर जाते.

ओल्या लाकडाचा हिशेब तर आणखी वाईट. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. एक किलो पाण्याची वाफ करावयास सुमारे ५४० उष्मांक लागतात. हे पाणी आपण पैसे देऊन किंवा पाय झिजवून आणतो, आणि पुन्हा लाकूड जाळून ते उडवतो. शिवाय त्यामुळे आग थंड पडते आणि धूर दुणावतो.

हा धूर शरीरात जाऊन काय करतो? त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात. वर्षानुवर्षे धुरात बसणाऱ्या बायांना दम लागतो, जुनाट खोकला जडतो. मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचाही धोका वाढतो. पाठीशी किंवा मांडीवर असलेल्या लेकराला न्यूमोनिया होतो. विडी आयुष्यात न ओढलेल्या बाईला विडी ओढणाऱ्याचा रोग झालेला आपण पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. ज्या धंद्यात वर्षाला इतके कामगार मरतील तो धंदा बंद पाडण्यासाठी देशोदेशींच्या संघटना रस्त्यावर उतरतील. परंतु या कामगाराचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही.

यावर आपल्याकडे विचार झाला नाही असे मात्र नाही, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. त्या संघाचे ठाणे जे मगनवाडी, तेथून १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' पुढे आली. मातीचीच चूल, पण आग बंदिस्त, ज्वाला एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जाते आणि धूर धुराड्यातून बाहेर पडतो. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी याच दिशेने काम करून १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित तंत्रज्ञानाच्या संस्थेने, म्हणजे 'आरती'ने, 'लक्ष्मी' नावाची दोन भांड्यांची धुराडेवाली चूल साच्यावर काढण्याची रीत खेड्यांतल्या कारागिरांना शिकविली.

सरकारनेही १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या असे आकडे सांगतात. मग त्या गेल्या कोठे? २०११ च्या शिरगणतीत देशातली ४९ टक्के घरे लाकूडच जाळीत होती. पुष्कळ चुली वर्षा-दोन वर्षांत फुटल्या. धुराडी काजळीने तुंबली, पावसात पडली. संख्या पुरी करावयाची होती म्हणून चुली बसविल्या गेल्या. बसविणारा निघून गेला. दुरुस्तीला कोणी आला नाही. ज्या बाईने तिच्यावर रोज दोन वेळ रांधावयाचे, तिची भांडी किती मोठी, ती उभ्याने रांधते की बसून, भाकरी भाजावयास तिला निखारे कोठे ओढून घ्यावे लागतात, हे पुष्कळ ठिकाणी तिला विचारलेच नाही. कारखान्यातही हाच अनुभव येतो. यंत्रावर उभा राहणारा माणूस विचारात न घेता यंत्र बसविले, तर महिन्याभरात त्याचे संरक्षक कवच काढून कोपऱ्यात ठेवलेले दिसते.

म्हणून या मे महिन्यात गावी चूल बांधावयाची किंवा सुधारावयाची असेल, तर पहिले काम गवंड्याकडे जाण्याचे नाही. घरात जी रांधते तिच्याजवळ बसून विचारावे. मोठ्यात मोठे पातेले कोणते, तवा केवढा, हात कोठवर पोचतो, उजेड कोठून येतो, हे तिने सांगावे आणि त्याप्रमाणे माप धरावे.

मग जागा. दारातून थेट वारा येतो तेथे चूल नको, कारण झोताने ज्वाला आणि धूर दोन्ही तोंडाबाहेर येतात. पाठीमागची भिंत मातीची, विटेची किंवा दगडाची असावी. कुडाची, फळीची नको. चुलीच्या वर माळ्यावर सरपण रचण्याची आपल्याकडे चाल आहे. लाकूड सुकते हे खरे, पण ठिणगी उडाली तर घरही जाते. सरपण शेजारच्या पडवीत ठेवावे.

चुलीची माती चाळून, तीत तूस किंवा बारीक कापलेले गवत आणि शेण कालवून, मळून मुरू द्यावी. बांधलेली चूल सावलीत सुकू द्यावी. घाईने पेटविली तर तडे जातात. आधी दोन-चार दिवस लहान जाळ करावा, मग पुरा. लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवावी, म्हणजे हवा खालून मिळते, राख खाली पडते आणि फुंकणीचे काम पुष्कळ कमी होते. भांडे चुलीच्या तोंडावर घट्ट बसले पाहिजे. दुसऱ्या भांड्याच्या जागेवर, म्हणजे वैलावर, भांडे नसेल तेव्हा झाकण असलेच पाहिजे. नाहीतर धुराड्याऐवजी धूर तेथूनच बाहेर पडेल.

धुराड्याची नळी साधारण ४ इंच व्यासाची असावी, शक्य तितकी सरळ, कमीत कमी वळणांची. छपरातून जेथे बाहेर पडते तेथून ती ३ फूट तरी वर जावी, आणि १० फुटांच्या आत जे आढे किंवा जी भिंत असेल त्यापेक्षा २ फूट उंच असावी. याहून आखूड ठेवली तर वारा छपरावरून फिरून धूर परत खाली दाबतो, आणि मग लोक म्हणतात की धुराड्यात काही अर्थ नाही. वर पावसासाठी टोपी हवी, पण तोंड कोंडेल इतकी खाली नको. पत्र्याची उघडी नळी असेल तर वासे, गवत, कपडे यांपैकी काहीही तिच्यापासून दीड फुटाच्या आत येता कामा नये; छपरातून जाते तेथे पत्र्याची रुंद चौकट घालून मधली जागा मोकळी राखावी. जुन्या काळच्या चुलींना सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसच्या नळ्या असत. अशी नळी घरात असेल तर ती कोरडी कापू नये, फोडू नये. तिची धूळ फुप्फुसाला फार घातक असते. आणि नळीच्या तळाशी काजळी काढावयाचे एक झाकणदार तोंड ठेवावे. गवंडी पुष्कळदा तेच विसरतो.

चूल झाली, आता वापर. सरपणाची बेगमी पावसापूर्वी पुरी करावी. लाकूड मनगटापेक्षा जाड ठेवू नये. चिरून, उभे रचून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असे ठेवावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता टणटणीत वाजल्या तर लाकूड वाळले असे समजावे. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये. थोडी लाकडे, टोकाकडून जळतील तशी आत सरकवावी. भांड्यावर झाकण ठेवावे. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, रबर, प्लास्टिकच्या पिशव्या चुलीत घालू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. काजूची टरफलेही नकोत; त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. पेटत्या किंवा धुमसत्या चुलीवर रॉकेल ओतू नये, हे सांगावयाची गरज पडू नये. पण ज्यांनी जळिताचे रुग्ण पाहिले आहेत त्यांना ती पडते. पदर खोचलेला असावा, अंगावर सुती लुगडे असावे. राख गार दिसली तरी तिच्या पोटात निखारा दिवसभरही जिवंत राहतो. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत काढावी, पोत्यात किंवा शेणीच्या ढिगाशेजारी नव्हे.

धुराड्याच्या आत डांबरासारखा काळा थर बसतो. तो साठला की एके दिवशी पेट घेतो आणि नळी भट्टीसारखी गर्जते. असे झाले तर चुलीचे आणि वैलाचे तोंड झाकून हवा तोडावी, माणसे बाहेर काढावीत. नळीत पाणी ओतू नये. पण अशी वेळ येऊच नये म्हणून रोज चालणाऱ्या चुलीचे धुराडे पंधरा दिवसांनी काथ्याचा बोळा बांधलेल्या बांबूने साफ करावे. ओले लाकूड जळत असेल तर आठवड्याने. भाजलेच तर त्या जागेवर २० मिनिटे वाहते गार पाणी धरावे. तूप, शाई, टूथपेस्ट लावू नये. १०१ हा अग्निशमन दलाचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावा.

एक धोका डोळ्यांना दिसतच नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. धूर नाही म्हणून कोळशाची शेगडी थंडीत बंद खोलीत घेऊन झोपणारे, किंवा दार लावून न्हाणीघरात पेटता बंब ठेवणारे, या वायूने झोपेतून उठतच नाहीत. बंब परसात किंवा पडवीत तापवावा आणि पाणी आत न्यावे. डोके जड होऊन मळमळू लागले तर विस्तव विझवीत बसू नये. आधी उघड्यावर यावे.

वडीलधारी मंडळी विचारतात, "धुराने वासे टिकतात, कीड लागत नाही, डास जातात, त्याचे काय?" हे अगदीच खोटे नाही. पण वाशांना तेल देता येते, डासांना मच्छरदाणी आहे. छपराचे आयुष्य वाढविण्यासाठी घरच्या बाईचे आयुष्य कमी करावे, हा सौदा कोणत्याही युनियनने मान्य करू नये.

येथे कांदिवलीपुरते एक स्पष्ट बोलले पाहिजे. गावी घराला परस असते, तेथे धुराडे हा उपाय चालतो. दाटीच्या वस्तीत एकाचे धुराडे दुसऱ्याच्या खिडकीत उघडते. तेथे चूल सुधारण्यापेक्षा ती सोडण्याची सोय झाली पाहिजे. १ मे २०१६ रोजी, म्हणजे आमच्या कामगार दिनीच, उज्ज्वला योजना सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१९ ला तिची ८ कोटींवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. जोडणी बाईच्या नावावर मिळते, ही चांगली गोष्ट. पण सिलिंडर संपला आणि हातात पैसे नाहीत, की बाहेरच्या तीन विटा पुन्हा पेटतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर रांधणारी घरे ५८.६ टक्के भरली. म्हणजे गॅसच्या भावाचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि पगाराचा तर आहेच. आणि गॅस आला म्हणजे आगीची काळजी संपली असेही नव्हे. ७ डिसेंबर २०१५ ला आपल्या दामूनगरला लागलेल्या आगीत सिलिंडर एकामागून एक फुटले आणि शेकडो झोपड्या जळून गेल्या, हे येथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. विस्तव कोणताही असो, वाट मोकळी, नळी तपासलेली आणि पाणी जवळ हवे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. तिचा इन्स्पेक्टर कोण? सरकारी इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात येणार नाही, आणि यावा असेही आम्ही म्हणत नाही. हे काम घरातल्या पुरुषांचे आहे. रांधण्याचे काम तिचे म्हणून धुराडे झाडण्याचेही तिचेच, असे धरले म्हणून पुष्कळ चुली मेल्या. छपरावर चढणे, नळी झाडणे, लाकूड चिरून वाळत घालणे, तडा गेला तर लिंपणे, ही कामे पाळीने वाटून घ्यावीत आणि शेवटचे धुराडे कधी झाडले ते भिंतीवर खडूने लिहावे. कारखान्यात क्रेनच्या तपासणीची तारीख तिच्यावरच लिहितात, तशी.

यंदा गावी गेल्यावर आंबे-फणस खावे, लग्ने लावावी, पालखी नाचवावी. पण मिरगाचा पाऊस येण्यापूर्वी एक दिवस काढून छपरावर चढावे. नळी नसेल तर बसवावी, असेल तर झाडावी, सरपण झाकावे. आणि परत निघण्याआधी एकदा चुलीपुढे बसून, जी रोज तेथे बसते तिला विचारावे की धूर अजून कोठून येतो. ती जी जागा दाखवील तेथे काम अपुरे आहे असे समजावे.